तेथून हलणार नाही

मसुदा कार्यालयात सगळे तिला कात्रीबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर 'मॅडम' चालायचं. तिला हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. नवे कायदे लिहिण्याचा मान दुसऱ्यांचा. तिच्या वाट्याला जुन्यांची साफसफाई. आरोग्य आणि समाजकल्याण या दोन खात्यांचे कायदे म्हणजे वर्षानुवर्षं न आवरलेला माळा. बंद पडलेल्या दवाखान्यांची नावं, कधीच मोडीत निघालेल्या समित्या, आता कोणालाच होत नाहीत अशा रोगांचे नियम. ते शोधायचे, खात्याला विचारायचं, आणि खात्याने 'निरंक' कळवलं, म्हणजे असलं काही आमच्याकडे उरलेलं नाही असं लेखी दिलं, की कात्री चालवायची. अशा बारीकसारीक छाटण्या गोळा झाल्या की त्यांचं एक विधेयक व्हायचं. नाव 'तांत्रिक दुरुस्त्या'. ते सभागृहात आलं की सदस्य चहाला उठत. त्यावरून कधी कोणी भांडल्याचं ऐकिवात नव्हतं.

कार्यालयाची एक जुनी रीत मात्र होती. एखादं कलम कायमचं काढून टाकायचं तर आधी ते मोठ्याने वाचायचं, आणि वाचताना खोलीचं दार सताड उघडं ठेवायचं. ज्याला हरकत घ्यायची असेल त्याने उंबऱ्याबाहेर उभं राहून घ्यावी. आत बसलेल्याला ती सोय नाही. का, ते विचारू नका. ही रीत कोणी घातली तेही कोणाला आठवत नव्हतं. पण दाराबाहेर असायचं तरी कोण? पाण्याचा कूलर. कूलरने आजवर एकाही कलमाला हरकत घेतली नव्हती.

यंदाचं वाचन सोमवारी होतं. लांबलचक वाक्यात तिची जीभ अडखळायची, म्हणून शनिवारी संध्याकाळी ती घरीच सरावाला बसली. श्रोते दोन. नवरा जमिनीवर फतकल मारून मटार सोलत होता. आणि सासरे आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. सासरे जन्मभर वीज कार्यालयात लाइनमन होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि सुनेने कायदा वाचायला घेतला की त्यांना हमखास झोप लागायची. नवरा म्हणायचा, "बाबांच्या गोळीपेक्षा तुझं कलम बरं."

दोन-चार कलमं वाचून झाली. मग तिने पुढचं घेतलं.

"ज्या निवासस्थानी किंवा संस्थेत श्वासपेटी वापरात असेल, त्या भागाचा वीजपुरवठा बंद करण्यापूर्वी वीज विभाग आपला एक कर्मचारी तेथे पाठवील, आणि पुरवठा पूर्ववत होईपर्यंत तो कर्मचारी तेथून हलणार नाही." वाचता वाचता तिने नाक मुरडलं. "कसं लिहायचे पूर्वी! 'उपस्थित राहील' म्हणायचं. 'हलणार नाही' ही काय कायद्याची भाषा झाली? बरं झालं, जातंय ते."

"जातंय कसं? हे तर चालू आहे," सासरे म्हणाले.

नवऱ्याने मान वर केली. "बाबा, झोपेत बोलताय का?"

"झोपलो नव्हतो. डोळे मिटले होते." ते खुर्चीत सरळ झाले. "पुन्हा वाच गं, सूनबाई."

तिने पुन्हा वाचलं. या वेळी सासऱ्यांचे ओठ हलत होते. शेवटच्या शब्दांवर त्यांनी खुर्चीच्या हातावर हळूच थाप मारली. "हलणार नाही. बरोबर. नाहीच हललो कधी."

या घरात एक म्हण होती, जगात दुसरीकडे कुठेही नसलेली. कोणी कामाच्या वेळी गायब झालं, जेवायला उशिरा आलं, की म्हणायचं, 'श्वास द्यायला गेलेत.' ही म्हण सासूबाईंची. लाइनमनच्या नोकरीत दुरुस्तीसाठी वीज बंद करायचा दिवस आला की सासरे सकाळीच निघून जायचे. खांबावर चढणारे वेगळे. हे कुठे जायचे? विचारलं तर सांगायचे, एका बाईला श्वास द्यायला. आता सांगा, कोणत्या बायकोला हे पटेल? 'इतकी वर्षं नांदतेय, मला कधी दिला नाही तो श्वास,' असं सासूबाई चारचौघांत म्हणायच्या, लोक हसायचे, त्याही हसायच्या, आणि मग तो सबंध दिवस नवऱ्याशी बोलायच्या नाहीत. 'चल, दाखवतो,' असं ते एकदा म्हणाले होते. 'मी का जाऊ तिचं तोंड बघायला?' असं उत्तर मिळालं. त्यावर सासऱ्यांनीही हट्ट धरला. खरं बोललोय, आता साक्षीदार कशाला आणू? दोघंही एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. सासूबाई गेल्या, म्हण मागे राहिली.

आणि ती म्हण कात्रीबाईच्याही तोंडात पक्की बसली होती. तिच्या स्वतःच्या लग्नात, ऐन पंगतीच्या वेळी, मुलाचे वडील बेपत्ता झाले होते. संध्याकाळी परत आले ते घामेजलेले. तिच्या आईने तो अपमान मनात ठेवला, तो कायमचा. तिलाही वाटायचं, असेल काहीतरी भानगड, म्हाताऱ्या माणसाची कशाला उकरा.

"बाबा," ती सावकाश म्हणाली, "आरोग्य खात्याने निरंक दिलंय. कल्याण खात्यानेही. अशी पेटी राज्यात कुठे उरलेली नाही."

"मग मी दर रविवारी फोनवर भुताशी बोलतो का?"

नवऱ्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. रविवारच्या फोनवरून त्याने बापाची काय काय थट्टा केली होती, ते आता त्यालाच आठवत असावं.

"गुडघे गेले म्हणून जाणं सुटलं माझं," सासरे म्हणाले. "नोकरी सुटल्यावरही बरेच दिवस जात होतो. नवी पोरं शिकेपर्यंत. उद्या सकाळी त्या भागात शटडाऊन आहे, बाईंनीच सांगितलं मागच्या फोनवर. येतेस का?"

हो म्हणायला तिला वेळ लागला नाही. अख्ख्या सरकारला पत्रं धाडून विचारलं होतं तिने, आणि उत्तर रोज समोर आरामखुर्चीत पेंगत होतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय!

रविवारी सकाळी सासरा-सून बसने निघाले. सासऱ्यांनी जुना खाकी शर्ट घातला होता, इस्त्री करून. उतरल्यावर एका शाळेच्या मागच्या गल्लीत ते तिला घेऊन गेले. बैठी घरं, दारात कपडे वाळत घातलेले, एक मांजर भिंतीवर. शेवटच्या घराचं दार बाकीच्या दारांपेक्षा रुंद होतं. 'पेटी आत न्यायला भिंत फोडली होती,' सासऱ्यांनी सांगितलं. दाराजवळ आल्यावर तिला आवाज ऐकू आला. हुस्स. मग थांबणं. मग पुन्हा हुस्स. घरातलं कोणी खूप शांतपणे झोपलेलं असावं तसा.

दार एका वयस्कर बाईंनी उघडलं. या फोनवरच्या त्या बाईंच्या धाकट्या बहीणबाई. त्यांनी सासऱ्यांना पाहिलं आणि तोंडावर हात नेला. "अगंबाई, तुम्ही? ताई, बघ कोण आलंय!"

"बघतेय," आतून आवाज आला. "भांग अजून... उजवीकडेच पाडतात."

खोलीच्या मधोमध ती पेटी होती. आडवी, पिंपासारखी गोल, माणसाच्या लांबीची, पिवळट रंग दिलेली. बाजूला काचेच्या खिडक्या. एका टोकाला गळ्याभोवती रबराची घट्ट पट्टी आणि पट्टीच्या अलीकडे, उशीवर, एक डोकं. पांढरे केस छान विंचरलेले. चेहऱ्यावर तिरका धरलेला आरसा, आणि त्या आरशातून दोन मिस्कील डोळे सरळ तिच्याकडे बघत होते. बाकी सगळी बाई पेटीत होती. पेटीतली हवा यंत्र ओढून घ्यायचं, तशी छाती फुलायची; हवा परत सोडायचं, तशी छाती बसायची. लहानपणी आलेल्या एका तापाने छातीची शक्ती नेली होती, आणि तेव्हापासून हेच.

कात्रीबाईला नमस्कार करायचं सुचलं नाही. ती नुसती उभी राहिली. आपण इतकी वर्षं कायद्यात 'श्वासपेटी' हा शब्द वाचत आलो आणि एकदाही डोळ्यांपुढे काही आलं नाही, हे तिच्या लक्षात आलं. शब्दाच्या आत माणूस होतं, आणि ते माणूस आता तिच्याकडे बघून हसत होतं.

"ही माझी सून," सासरे म्हणाले. "कायदे लिहिते."

"कायदे?" बाईंचं बोलणं श्वास बाहेर पडताना यायचं, मग यंत्र आत ओढेपर्यंत थांबायचं. "मग आम्हाला... घाबरून राहायला हवं. बस ना... उभी का?"

धाकट्या बहिणीने पाणी आणलं. बोलता बोलता कात्रीबाईने चौकशी केली, आणि दोन निरंकांचं कोडं अगदीच सरळ सुटलं. आरोग्य खात्याच्या लेखी ताई आजारी नव्हती. ताप कधीच बरा झालेला. रुग्ण म्हणून नाव तेव्हाच कमी झालं. कल्याण खात्याकडे ताईचं नाव होतं, दिव्यांग म्हणून. पण ते खातं माणसं मोजतं, यंत्रं मोजत नाही. श्वासपेट्या किती, असं विचारल्यावर एकाने सांगितलं असला रुग्ण नाही, दुसऱ्याने सांगितलं असलं यंत्र नाही. दोघांनी खरं सांगितलं होतं. तिने त्या दोन्ही खऱ्या उत्तरांवर सही करून कात्री उचलली होती.

"नवी यंत्रं निघालीत की," ती म्हणाली.

"आणून पाहिलं. तिला सोसलं नाही," बहीण म्हणाली. "इन्व्हर्टरही बसवला. या मोटरला सुरू होताना इतकी वीज लागते, की तो आचके देऊन बंद पडतो. पण चाललंय ना. वीज जायच्या आधी माणूस येतोच. आजच कसा नाही आला कोण जाणे. एव्हाना स्टुलावर बसलेला असतो."

सासऱ्यांची मान झटकन वळली. पेटीच्या पायथ्याशी एक लाकडी स्टूल होतं, रिकामं. पेटीखाली लोहाराकडे असतो तसा चामड्याचा भाता, आणि भात्याला एक लांब दांडा. त्यांनी खिशातून फोन काढला. वीज कार्यालयात जुनं कोणी उरलं नव्हतं. काम आता एका कंपनीकडे गेलं होतं. बरीच बटणं दाबून झाल्यावर व्यवस्थापक लाइनवर आला. सासऱ्यांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"ते माणूस पाठवणं बंद केलंय," व्यवस्थापक म्हणाला. आवाज उद्धट नव्हता, उलट चांगला अदबशीर होता. "आम्हाला विधेयकाचा मसुदा आलाय अभिप्रायासाठी. त्यात स्पष्ट लिहिलंय, कालबाह्य तरतूद. आणि तसंही त्या कलमात वीज विभाग म्हटलंय. विभाग आता नाही, आम्ही कंपनी आहोत."

'कालबाह्य तरतूद' हे शब्द तिचे होते. तिनेच टाइप केले होते, बहुधा चहा पिता पिता. कायदा अजून झालाही नव्हता आणि कात्री पुढे जाऊन पोचली होती. तिने फोन हिसकावून घेतला.

"मी तो मसुदा लिहिलाय. कलम अजून लागू आहे. आत्ता, या क्षणाला लागू आहे. माणूस पाठवा, नाहीतर वीज बंद करू नका."

"मॅडम, तसं लेखी द्या, मी लगेच—"

आणि हुस्स थांबलं.

वीज गेली की घरात शांतता होते, तो अनुभव सगळ्यांनाच आहे. ही शांतता तसली नव्हती. आरशातले डोळे मोठे झाले. तोंड उघडलं, पण त्यातून शब्द येईना, कारण शब्दाला लागते ती हवाच नव्हती. सासरे गुडघे विसरले. दोन ढांगांत स्टुलावर बसले, दांडा धरला आणि ओढला. हुस्स. सोडला. ओढला. आरशातले डोळे मिटले, उघडले, आणि बाई म्हणाल्या, "आले... लाइनमन."

धाकट्या बहिणीचा खांदा निकामी झालेला; ती ताईच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली. सासऱ्यांनी बराच वेळ दांडा मारला. शर्ट पाठीला चिकटला, मान थरथरू लागली, तरी उठायला तयार नाहीत. शेवटी सुनेने त्यांच्या खांद्याला धरलं. "बाबा, सरका. मला शिकवा."

"शिकवायचं काय त्यात. आपण जसा घेतो तसा तिला द्यायचा. घाई करायची नाही. आणि मध्येच विचार करत बसायचं नाही."

ती स्टुलावर बसली. दांड्याचं लाकूड दोन जागी खोलगट झालं होतं. ती कोणी कोरलेली जागा नव्हती. हातांनी झिजलेली होती. तिच्या सासऱ्यांच्या, त्यांच्या आधीच्यांच्या, नंतरच्यांच्या. तिचे हात तिथे अलगद बसले. तिने ओढलं आणि काचेच्या खिडकीतून तिला दिसलं, की एक बारीक छाती फुलून वर आली. तिने सोडलं. छाती बसली.

काय वाटलं तिला? आधी भीती वाटली. मग हळूहळू भीतीच्या जागी दुसरंच काही आलं. कोणे एके काळी, कुठल्याशा टेबलावर, तिच्यासारख्याच एका पगारी माणसाने एक वाक्य लिहिलं. त्याचं नाव कोणाला माहीत नाही. ते वाक्य पुस्तकात मिटून पडलं, कोणी वाचेना. पण त्या वाक्यावरून एक माणूस निघाला, गल्लीत आला, या स्टुलावर बसला. तो म्हातारा झाला तेव्हा दुसरा आला. लग्नाची पंगत सोडून आला, बायकोचे टोमणे खाऊन आला. पिढ्या बदलल्या, पण ओळ तुटली नाही, आणि एक मुलगी बाई झाली, बाईची म्हातारी झाली, आणि अजून चेष्टा करत होती. केवढं हे! देवळात न बसणाऱ्या तिच्या मनाला देवळात बसल्यासारखं झालं. आजवर ती कागदावर उंटावरून शेळ्या हाकत आली होती. आज पहिल्यांदा शेळीच्या उरावरचा हात तिचा होता.

आणि 'तेथून हलणार नाही' का, तेही कळलं. 'उपस्थित राहील' म्हटलं असतं तर माणूस दारात उभा राहून विडी ओढत बसला असता. लिहिणारा एकदा तरी इथे, किंवा अशाच एखाद्या खोलीत, या दांड्यापाशी बसला असणार. तिला त्या अनोळखी माणसाच्या पाया पडावंसं वाटलं, अगदी खरोखर.

"किती... हळू," बाई म्हणाल्या. "जरा लवकर दे ना... मला बोलायचंय."

तिने थोडा वेग वाढवला. मग राहवेना, म्हणून सांगून टाकलं. कलमाचं, मसुद्याचं, आपल्या कात्रीचं, सगळं. सांगताना हात थांबू दिले नाहीत. बाई आरशातून तिच्याकडे बघत होत्या.

"कायद्यात? मी?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं... पहिल्या लाइनमनने वडिलांना... शब्द दिला होता. म्हणून येतात सगळे."

"मलाही कायद्याचं कोण सांगणार?" सासरे भिंतीला टेकून घाम पुसत म्हणाले. "मला माझ्या आधीच्याने सांगितलं. त्या घरी जायचं आणि वीज येईपर्यंत उठायचं नाही. एवढंच."

"म्हणजे इतकी वर्षं... मी सरकारी काम होते!" बाईंना हसू फुटलं, आणि ते हसू सुनेने दांडा ओढेपर्यंत अर्ध्यात अडकून राहिलं. "सरकारी काम अन्... सहा महिने थांब... म्हणतात ना?"

"हे एकच सरकारी काम बघा, ज्यात थांबून चालत नाही," सासरे म्हणाले.

चौघंही हसली. दांडा मारणारीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. धाकट्या बहिणीने आपल्या पदराने पुसलं. मग आळीपाळीने, कधी सासरे कधी सून, असं करत राहिली दोघं. वीज आली तेव्हा मोटर घरघरली, दांडा तिच्या हातातून आपोआप सुटून हलू लागला, आणि सासऱ्यांचा जीव भांड्यात पडला. ती तरीही लगेच उठली नाही. तिच्या तळव्यांना फोड आले होते आणि ते तिला कोणाला दाखवावेसेही वाटत नव्हते.

सोमवारी कार्यालयात वाचन झालं. टेबलाच्या टोकाला मुख्य मसुदाकार साहेब, नियमाला नियम म्हणणारे गृहस्थ. दार सताड उघडं. तिने एकेक कलम वाचलं, आणि त्या कलमापाशी आल्यावर तेही वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत. कागद खाली ठेवला, उठली, उंबरा ओलांडून कूलरशेजारी जाऊन उभी राहिली.

"हरकत आहे," ती म्हणाली.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणाची?"

"माझी."

"तुम्ही आतल्या आहात, मॅडम."

"आत्ता बाहेर आहे, साहेब."

कोणीतरी हसलं. साहेबांनी फाइल उलटली. "दोन्ही खात्यांचं निरंक आहे."

"दोन्ही निरंक खरे आहेत. पेटीही खरी आहे. काल सकाळी तुमच्या-माझ्या मसुद्यामुळे तिथे माणूस आला नाही. मग दांडा मी मारला." तिने हात पुढे केले नव्हते, पण पाण्याचा ग्लास धरायला गेली आणि तिला तो धरवेना, तेव्हा तळव्यांवरचे फोड सगळ्यांना दिसले.

साहेब स्वतः उठले, टेबलाला वळसा घालून तिच्या रिकाम्या खुर्चीपाशी आले आणि तिचा कागद उचलून ते कलम त्यांनी मोठ्याने वाचलं. हा माणूस कधी काही वाचून दाखवत नसे. वाचून झाल्यावर म्हणाले, "हरकत मान्य. आत या. वीज कंपनीला आधी पत्र जाऊ द्या, आत्ताच्या आत्ता. मग दुरुस्ती लिहा."

तिने लिहिली. कात्रीबाईच्या आयुष्यातली ही पहिली दुरुस्ती, जिने काही छाटलं नाही. 'वीज विभाग' काढून 'वीजपुरवठा करणारी कोणतीही व्यक्ती, संस्था किंवा कंपनी' एवढंच घातलं. 'हलणार नाही'ला तिने बोट लावलं नाही. छपाईवाल्याने विचारलं, हे जुनाट वाटतंय, बदलायचं का? ती त्याच्यावर अशी खेकसली, की तो पुन्हा महिनाभर तिच्या टेबलाकडे फिरकला नाही.

विधेयक सभागृहात आलं. सदस्य चहाला उठले. ते परत येईपर्यंत मंजूर झालं होतं.

पुढच्या शटडाऊनला स्टुलावर कंपनीचा माणूस होता. बाईंनीच फोनवर सांगितलं, पोरगा नवा आहे, घाई करतो, पण शिकेल. त्या संध्याकाळी ती छापील कायदा घेऊन घरी आली. सासरे दारातच वाट बघत होते, तोच खाकी शर्ट घालून. त्यांनी कायदा हातात घेतला नाही. तिला कोपराला धरून आतल्या खोलीत नेलं, जिथे भिंतीवर सासूबाईंचा फोटो होता. फोटोतही त्यांच्या ओठांवर तेच 'सांगा, सांगा, ऐकतेय' असं हसू.

"वाच," सासरे म्हणाले. "मोठ्याने. आणि दार उघडं ठेव."

तिने दार उघडलं आणि वाचलं. ज्या निवासस्थानी श्वासपेटी वापरात असेल, तिथपासून. 'तो कर्मचारी तेथून हलणार नाही' इथपर्यंत तिने पूर्ण केलं. नवरा दारात येऊन उभा होता.

सासरे फोटोकडे बघत राहिले. बायकोने काही म्हणावं म्हणून थांबल्यासारखे. मग त्यांनी सुनेकडे वळून पाहिलं.

"पुन्हा वाच," ते म्हणाले. "एकदा सांगितलेलं तिला कधीच पटायचं नाही."